गळ्याची गाठ आणि साध्यासाध्यतेचा विवेक

आधी रोगाची परीक्षा आणि त्यानंतरच औषधाची योजना, हा चरकाचार्यांनी घालून दिलेला क्रम आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत मुखोद्गत केलेला आहे. साध्यासाध्यतेचा निर्णय न करता चिकित्सेस हात घालणाऱ्या वैद्याच्या अर्थाची, विद्येची व यशाची हानी होते, असेही त्यांनी सूत्रस्थानात बजावले आहे. आजच्या व्यवसायात या दोन उपदेशांची खरी कसोटी कोठे लागत असेल, तर ती गळ्यावर गाठ घेऊन येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नेहमी दिसणारे चित्र असे. तिशी-पस्तिशीतील स्त्री गळ्याच्या पुढील भागी लहानशी गाठ दाखविते. टीएसएचची तपासणी झालेली असते व ती प्राकृत असते. ‘थायरॉइड नॉर्मल आहे’ एवढ्या निष्कर्षावर सारे निर्धास्त होतात आणि कांचनार गुग्गुळ सुरू होतो. कधी तो वैद्याच्या लेखी सल्ल्याने सुरू होतो, तर कधी थेट औषधालयातून. काही महिन्यांनी मानेच्या बाजूला दुसरी गाठ येते. मग ‘गंडमाळ’ म्हणून क्षयरोगाचा विचार होतो. या सर्व काळात गाठीची सोनोग्राफी झालेली नसते, सुईने पेशी काढून तपासणीही झालेली नसते.

टीएसएच हे अवटू ग्रंथीच्या कार्याचे मापन आहे, तिच्यातील गाठीच्या स्वरूपाचे नव्हे. अवटू ग्रंथीचा कर्करोग असलेल्या बहुसंख्य रुग्णांत टीएसएच प्राकृतच आढळते. ही एक गोष्ट आपल्या सर्व सभासदांच्या मनावर ठसली, तरी या लेखाचे निम्मे प्रयोजन साध्य झाले असे म्हणता येईल. उरलेले निम्मे प्रयोजन त्या दुसऱ्या गाठीविषयी, म्हणजे लसीकाग्रंथींतील प्रसाराविषयी आहे.

शास्त्राची दृष्टी

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकरावा अध्याय ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड या चार व्याधींचा एकत्र विचार करतो. चरकाचार्य चिकित्सास्थानातील श्वयथूच्या अध्यायात गळ्याच्या पार्श्वभागी एकच गंड असल्यास गलगंड आणि अनेक असल्यास गंडमाला असा भेद सांगतात. मर्मस्थानी किंवा स्रोतसांत उत्पन्न झालेले आणि हलविता न येणारे अर्बुद सुश्रुताचार्य असाध्य मानतात. श्वास कष्टाने घेणारा, क्षीण झालेला, अन्नावरील वासना गेलेला, व्याधीस वर्ष उलटून गेलेला आणि स्वर भिन्न झालेला गलगंडी ते वर्ज्य ठरवितात.

गलगंड म्हणजे अवटू ग्रंथीचा कर्करोग, असे सरळ समीकरण मांडण्याचा मोह आपण टाळलाच पाहिजे. संहितेतील संज्ञा लक्षणसमूहाच्या आहेत. त्यांत साधा गलगंडही येतो, क्षयजन्य ग्रंथीही येतात आणि घातक अर्बुदेही येत असावीत. परंतु आचार्यांनी कोणत्या गोष्टींवर बोट ठेवले, हे पाहण्यासारखे आहे. गाठीची संख्या, तिचे स्थान, तिची अचलता, काळ आणि स्वर या त्या गोष्टी होत. गाठीच्या घट्टपणाची, स्थिरतेची, मानेतील इतर ग्रंथींची आणि आवाजातील बदलाची नोंद आजचा शल्यतज्ज्ञही करतो. स्वरयंत्राकडे जाणारी चेता अवटू ग्रंथीच्या मागून जाते, म्हणून अर्बुद तिला ग्रासते तेव्हा स्वर भिन्न होतो. परंपरा आपल्याला परीक्षेपासून सूट देत नाही, उलट परीक्षा अधिक काटेकोर करावयास सांगते, एवढाच याचा अर्थ.

प्रसाराचे भाकीत कशावरून करतात?

अवटू ग्रंथीच्या कर्करोगाचे प्रकार समान वागत नाहीत. सर्वाधिक आढळणारा पॅपिलरी प्रकार लसीकावाहिन्यांच्या मार्गाने मानेतील ग्रंथींत जातो. फॉलिक्युलर प्रकार मुख्यतः रक्तमार्गाने फुप्फुसे व अस्थी यांकडे जातो व लसीकाग्रंथींत क्वचितच आढळतो. मेड्युलरी प्रकारात ग्रंथींतील प्रसार लवकर होतो. अ‍ॅनाप्लास्टिक प्रकार अत्यंत वेगवान असून त्यात आयुष्य बहुधा महिन्यांतच मोजावे लागते.

पॅपिलरी प्रकारात शस्त्रक्रियेनंतरच्या नेहमीच्या सूक्ष्मदर्शक परीक्षेत सुमारे २० ते ५० टक्के रुग्णांच्या लसीकाग्रंथींत अर्बुदपेशी सापडतात. प्रथम श्वासनलिकेच्या दोन्ही अंगांच्या मध्यवर्ती ग्रंथी बाधित होतात व नंतर मानेच्या पार्श्वभागातील, असा सामान्य क्रम आहे. मात्र ग्रंथीच्या वरच्या टोकाशी असलेले अर्बुद कधी कधी मध्यभाग ओलांडून थेट पार्श्वभागात जाते.

शस्त्रक्रियेपूर्वी हा प्रसार ओळखण्यासाठी तज्ज्ञ पुढील गोष्टी तपासतात: रुग्णाचे तरुण वय, पुरुष लिंग, अर्बुदाचा आकार १ सेंटीमीटरहून अधिक असणे, एकाच ग्रंथीत अनेक अर्बुदे असणे, अर्बुद ग्रंथीच्या आवरणास भिडलेले किंवा ते ओलांडून बाहेर आलेले असणे आणि सोनोग्राफीत बारीक चुनखडीचे कण दिसणे. यांतील प्रत्येक गोष्ट प्रसाराची शक्यता वाढविते. लसीकाग्रंथीच्या सोनोग्राफीतही काही खुणा असतात. ग्रंथी लांबट न राहता गोल होणे, तिच्या मध्यातील स्निग्ध नाभी नाहीशी होणे, तिच्यात द्रवाच्या पोकळ्या किंवा चुनखडीचे कण दिसणे, रक्तपुरवठा मध्यातून न होता कडेने होणे या त्या खुणा. संशयित ग्रंथीतून सुईने पेशी घेतात आणि त्याच सुई धुतलेल्या द्रवात थायरोग्लोब्युलिनचे मापन करतात. मानेच्या पार्श्वभागातील ग्रंथीत हे द्रव्य भरपूर सापडले, तर तेथे अवटू ग्रंथीच्या पेशी पोहोचल्या आहेत हे निश्चित होते.

मेड्युलरी प्रकारात रक्तातील कॅल्सिटोनिन मार्ग दाखविते. जर्मनीतील हाले येथील शल्यतज्ज्ञांनी ३०० रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात शस्त्रक्रियेपूर्वीचे कॅल्सिटोनिन प्रति मिलिलिटर २० पिकोग्रॅमपर्यंत असताना लसीकाग्रंथी बाधित आढळल्या नाहीत. त्याहून अधिक असता अर्बुदाच्याच बाजूच्या, ५० च्या पुढे विरुद्ध बाजूच्या मध्यवर्ती, २०० च्या पुढे विरुद्ध बाजूच्या पार्श्वभागातील आणि ५०० च्या पुढे छातीच्या वरच्या भागातील ग्रंथींत प्रसार आढळू लागला. रक्ताच्या एका तपासणीवरून व्याधी कोठवर पोहोचला असेल याचा अंदाज यावा, हे साध्यासाध्यविचाराचेच एक आधुनिक रूप नव्हे काय?

स्वरयंत्राच्या पुढे, मध्यरेषेवर एक लहान लसीकाग्रंथी असते. तिला शल्यतंत्रात ‘डेल्फियन’ ग्रंथी म्हणतात. प्राचीन ग्रीसमध्ये डेल्फी येथील देवालयात भविष्य सांगितले जाई, त्यावरून हे नाव पडले. ही ग्रंथी हातास लागली तर आत काय दडले आहे ते ती आधीच सांगते, अशी त्यामागील कल्पना. तिला चाचपण्यास कोणतेही यंत्र लागत नाही, वैद्याची दोन बोटे पुरतात. ती प्रत्येक वेळी कर्करोगाचीच असते असे नाही, कारण अवटू ग्रंथीच्या साध्या शोथातही ती वाढते. पण ती लागली असता सोनोग्राफीस विलंब करण्याचे कारण उरत नाही.

भाकिताच्या मर्यादा आणि त्याचे प्रयोजन

हे सर्व असूनही भाकीत चुकते. मध्यवर्ती ग्रंथी अवटू ग्रंथीच्या आड असल्यामुळे सोनोग्राफीत त्यांतील अनेक दिसतच नाहीत. हाशिमोटोच्या शोथात मानेतील निरुपद्रवी ग्रंथीही सुजतात व संभ्रम निर्माण करतात. वरील खुणांना गुण देऊन शक्यतेची टक्केवारी काढणारी कोष्टके व संगणकीय पद्धती आता बऱ्याच निघाल्या आहेत. परंतु त्यांतील पुष्कळशा एकाच रुग्णालयाच्या जुन्या नोंदींवरून बेतलेल्या आहेत. दुसऱ्या प्रदेशातील, दुसऱ्या वयोगटातील रुग्णांवर पारखून घेतल्याखेरीज त्यांच्यावर विसंबता येत नाही.

‘त्यांनाच नक्की सांगता येत नाही, मग आमच्या रुग्णाने तेथे का जावे?’ असा प्रश्न आपल्या बैठकांतून कधी कधी ऐकू येतो. या प्रश्नात एक गल्लत आहे. मानेत प्रसार असण्याची शक्यता ३० टक्के आहे असे सांगणारा तज्ज्ञ अज्ञान प्रकट करीत नसतो. तो आपल्या ज्ञानाची मर्यादा मोजून सांगत असतो. गाठ न तपासता ‘काही नाही, विरघळेल’ असे सांगणाऱ्याच्या शब्दात निश्चिती अधिक असते, पण तीस आधार मुळीच नसतो.

शिवाय भाकीत हे केवळ कुतूहलापोटी केले जात नाही. शस्त्रक्रिया किती करावी हे त्यावर ठरते. मध्यवर्ती ग्रंथी काढताना परावटू ग्रंथींना इजा झाली तर रक्तातील कॅल्शियम घटते, हातापायांना मुंग्या येतात व आचके येऊ शकतात. स्वरचेतेला इजा झाली तर आवाज जातो. म्हणून प्रसाराचा पुरावा नसता त्या ग्रंथी केवळ प्रतिबंधासाठी काढाव्यात की नाही, याविषयी जगभर मतभेद आहेत. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेने लहान, ग्रंथीपुरत्याच मर्यादित व लसीकाग्रंथी स्वच्छ दिसणाऱ्या अर्बुदांत अशा छेदनाविना शस्त्रक्रिया योग्य मानली. जपानमध्ये मात्र, पुन्हा त्याच जागी शस्त्र चालविणे अधिक धोक्याचे म्हणून, पहिल्याच वेळी मध्यभाग स्वच्छ करण्याची परंपरा राहिली. अशा निर्णयाच्या वेळी अचूक पूर्वपरीक्षा रुग्णाचा आवाज वाचवू शकते.

येथे एक विरोधाभास ध्यानात घ्यावा. तरुण वयात लसीकाग्रंथींतील प्रसार अधिक आढळतो, परंतु तरुण वयातच या व्याधीने मृत्यू येण्याची शक्यता सर्वांत कमी असते. २०१८ पासून लागू झालेल्या अवस्थानिश्चितीच्या आठव्या आवृत्तीत वयाची मर्यादा ४५ वरून ५५ वर्षे करण्यात आली. पॅपिलरी अथवा फॉलिक्युलर कर्करोग असलेला ५५ वर्षांखालील रुग्ण, मानेतील ग्रंथी बाधित असल्या तरी, दूरच्या अवयवांत प्रसार नसल्यास पहिल्या अवस्थेतच गणला जातो. ग्रंथींतील प्रसारामुळे व्याधी पुन्हा उद्भवण्याचा संभव वाढतो, हे खरे. तरी ‘गाठी पसरल्या’ हे शब्द ऐकून धीर सोडलेली तरुण रुग्णा आपल्यासमोर बसते तेव्हा हे सांगणारा वैद्य तिला फार मोठा आधार देऊ शकतो. आणि ‘आता शस्त्रक्रियेचा उपयोग नाही’ असे सांगून तिला परावृत्त करणारा तिचे अपरिमित नुकसान करतो. साध्य व्याधीस असाध्य म्हणणे हाही साध्यासाध्यविचाराचा दोषच होय.

‘हा रोग सावकाश वाढतो’ या युक्तिवादाविषयी

आपल्यापैकी काही अभ्यासू मंडळी आणखी एक मुद्दा मांडतात. अवटू ग्रंथीचा कर्करोग सावकाश वाढतो. जपानमध्ये तर शस्त्रक्रिया न करता केवळ लक्ष ठेवतात. मग सहा महिने आपले औषध देऊन पाहिले तर काय बिघडले? हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून त्याचा नीट विचार केला पाहिजे.

कोबे येथील कुमा रुग्णालयाने १९९३ पासून १ सेंटीमीटर किंवा त्याहून लहान पॅपिलरी कर्करोगाच्या निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया लांबणीवर टाकून निरीक्षण सुरू केले. २०१४ मध्ये १,२३५ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. १० वर्षांत लसीकाग्रंथींत नवा प्रसार ३.८ टक्के रुग्णांत आढळला. ६० वर्षे व त्यापुढील रुग्णांत हे प्रमाण केवळ ०.५ टक्के होते, तर ४० वर्षांखालील रुग्णांत १६.१ टक्के. त्या वृत्तांतापर्यंत यांतील कोणीही या व्याधीने दगावले नव्हते. अनावश्यक शोधाचा धोकाही खरा आहे. दक्षिण कोरियात सरसकट सोनोग्राफी सुरू झाल्यावर २०११ मधील या कर्करोगाचे निदानाचे प्रमाण १९९३ च्या १५ पट झाले, पण मृत्यूचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले. म्हणून ज्यास गाठ नाही, लक्षण नाही, त्यास उगाच सोनोग्राफीस पाठवू नये, हेही तितकेच खरे.

परंतु कुमा रुग्णालयातील निरीक्षण कोणाचे होते हे पाहावे. ज्यांचे निदान पेशीपरीक्षेने झाले आहे, ज्यांच्या गाठीचा आकार मोजला आहे, ज्यांच्या लसीकाग्रंथी सोनोग्राफीत स्वच्छ आहेत, ज्यांची गाठ श्वासनलिका व स्वरचेता यांपासून दूर आहे आणि ज्यांची ठरावीक अंतराने पुन्हा सोनोग्राफी होणार आहे, अशांचेच ते होते. निदानच न केलेल्या, बोटास लागणाऱ्या, बहुधा १ सेंटीमीटरहून मोठ्या गाठीला त्या आकड्यांचा आधार घेता येत नाही. ती गाठ मेड्युलरी असेल, तर ‘सावकाश’ या शब्दास अर्थच उरत नाही. निरीक्षण हीसुद्धा एक चिकित्सा आहे आणि तिची पहिली अट निदान ही आहे. निदानाविना थांबणे याला निरीक्षण म्हणता येत नाही. तो कालातिपात होय.

वैद्यबंधूंनी काय करावे?

गळ्यावर गाठ घेऊन येणाऱ्या प्रत्येक रुग्णास बसवून, मागे उभे राहून, पाण्याचा घोट गिळावयास लावून ग्रंथी चाचपावी. मध्यरेषेवरील स्वरयंत्राच्या पुढील भाग, श्वासनलिकेच्या दोन्ही बाजू, मानेच्या मोठ्या स्नायूच्या कडेने हनुसंधीपासून अक्षकास्थीपर्यंतचा भाग पाहावा. प्रत्येक गाठीचे स्थान, आकार, काठिण्य व चलता यांची आकृतीसह नोंद रुग्णपत्रिकेत करावी. आवाजात बदल, गिळण्यास त्रास, लहानपणी मानेस दिलेला किरणोपचार आणि कुटुंबातील अशा व्याधीचा इतिहास विचारावा. गाठ लागल्यास मानेच्या सर्व लसीकाग्रंथींसह सोनोग्राफी लिहून द्यावी. केवळ ‘थायरॉइडची सोनोग्राफी’ एवढेच लिहिले तर पार्श्वभाग पाहावयाचा राहून जातो. गाठ कठीण असेल, स्थिर असेल, स्वर भिन्न असेल किंवा मानेत इतर ग्रंथी असतील, तर त्याच आठवड्यात पत्रासह तज्ज्ञाकडे पाठवावे.

मानेच्या पार्श्वभागातील गाठ क्षयाचीच असेल असे गृहीत धरू नये. आपल्या देशात क्षय विपुल आहे, हे खरे. पण पेशीपरीक्षेविना क्षयाचे औषध सुरू करण्याने काही रुग्णांचे खरे निदान लांबते. एके काळी मानेच्या बाजूस आढळणाऱ्या अवटू ग्रंथीच्या पेशींना जन्मजात भरकटलेली निरुपद्रवी ग्रंथी समजत असत. ती बहुधा लपलेल्या पॅपिलरी कर्करोगाची लसीकाग्रंथीतील शाखा असते, हे पुढे ध्यानात आले.

या तपासण्यांमुळे रुग्ण आपल्या हातून जाईल, ही भीती अनेकांच्या मनात असते. ती अनाठायी आहे. निदान व शस्त्रक्रिया झाल्यावर अग्नी, निद्रा, बल आणि मनोबल यांसाठी तोच रुग्ण त्याच वैद्याकडे येतो. ज्याने वेळीच पाठविले त्याच्यावरील विश्वास दुणावलेला असतो. मात्र त्या टप्प्यावर लोहभस्म, मंडूर, शंखभस्म यांसारखी लोह व चुना असलेली औषधे थायरॉक्सिनच्या गोळीपासून किमान ४ तासांच्या अंतराने द्यावीत, कारण ती तिचे शोषण अडवितात. आणि ती गोळी तज्ज्ञाच्या सल्ल्याविना बंद करावयास कदापि सांगू नये.

औषधालयाच्या मालकांस विनंती

कांचनार गुग्गुळ हा शार्ङ्गधरसंहितेतील मान्यवर कल्प आहे. त्याची योग्यता आपण कोणीही नाकारीत नाही. परंतु ‘मानेत गाठ आहे, काहीतरी द्या’ असे म्हणणाऱ्या ग्राहकास तो डबा हातावर ठेवण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा: ‘गाठ कोणी हाताने तपासली आहे काय?’ उत्तर नकारार्थी असेल तर औषधाऐवजी जवळच्या वैद्याचा पत्ता द्यावा. कर्करोग व गलगंड हे दोन्ही १९५४ च्या औषधी व जादूटोणा उपाय कायद्याच्या अनुसूचीत आहेत व ते बरे करण्याची जाहिरात करण्यास त्या कायद्याने मनाई आहे, याचेही स्मरण असावे. किरणोत्सारी आयोडीनच्या उपचारासाठी रुग्णास काही दिवस अल्प आयोडीनयुक्त आहार सांगितलेला असतो. त्या काळात समुद्री शेवाळाची चूर्णे त्यास विकू नयेत.

आपल्या संघटनेच्या जिल्हा शाखांनी वर्षातून एकदा मानेच्या परीक्षणाचे प्रात्यक्षिक ठेवावे आणि त्यास शल्यतज्ज्ञ व सोनोग्राफीतज्ज्ञ यांनाही निमंत्रित करावे, अशी सूचना येथे करावीशी वाटते. खर्च नगण्य आहे, लाभ मोठा आहे. लसीकाग्रंथींतील प्रसाराचे भाकीत रुग्णालयातील यंत्रे व कोष्टके करतील. पण त्या भाकिताचा पहिला आधार, म्हणजे गाठ आहे, ती येथे आहे, ती अशी आहे आणि ती अमुक दिवशी प्रथम दिसली, हे ज्याच्यासमोर रुग्ण सर्वांत आधी बसतो त्या वैद्यानेच लिहून ठेवावयाचे आहे. ती नोंद झाल्यावाचून गळ्याच्या गाठीसाठी औषधाचा एकही कल्प लिहिला जाऊ नये, एवढा नियम आपण स्वतःस घालून घेतला, तरी कित्येक रुग्णांचे हाती असलेले महिने वाया जाणार नाहीत.